जाड तार

६ जानेवारी

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या ओळखीचं नसणार. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि दुरेघी वहीत लिहीत होते. मी चिमी, तुझी मावसबहीण. पत्ता तुझ्या आईच्या जुन्या डायरीत सापडला. वजनकाटे दुरुस्तीचं दुकान अजून तिथंच असेल या आशेवर लिहिते आहे. फोन नंबरही कुठून तरी मिळवला असता, पण आई म्हणाली, ‘पत्रच लिही. फोनवर तो हो हो म्हणेल आणि ठेवून देईल.’

आईचं हृदय थकलंय. डॉक्टरांनी स्पष्ट काही सांगितलं नाही, पण निम्मी औषधं बंद केली. मी इस्पितळातच काम करते, कान तपासायच्या विभागात, त्यामुळे औषधं बंद करण्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागत नाही. नजर अधू झालीय, डोकं मात्र लख्ख आहे.

खुंटी गेल्यापासून या घरात त्याच्या गाण्याबजावण्याबद्दल कुणी ब्र काढलेला नाही, हे तुला माहीत नसेल. त्या संध्याकाळी चेंगराचेंगरीत अकरा माणसं गेली, त्यांतला एक माझा भाऊ, एवढंच मला सांगण्यात आलं. पेपर घरात येणं बंद झालं. बातम्या संपल्या की रेडिओचा कान पिळला जायचा. मोठी झाल्यावर मीही काही शोधायला गेले नाही. आईची शिस्त अंगात मुरली होती म्हण.

आणि परवा दुपारी मी तिचे पाय चेपत होते तर ती म्हणाली, ‘तो तिथं जाऊन काय बघायचा गं?’

मला आधी कळेचना. मग म्हणाली, ‘त्या बँडवाल्यांत. एवढं काय होतं तिथं? मी एकदाही विचारलं नाही त्याला. नुसती रागावत राहिले.’

तुम्ही दोघं चार वर्षं एकही कार्यक्रम सोडत नव्हता. त्याच्या शेजारी उभा राहिलेला माणूस तू एकटाच उरलायस. तुला काय आठवतं ते लिही. मी तिला वाचून दाखवेन. तू आमच्याशी का तोडलंस हे मी विचारत नाही. तेवढं लिही.

तुझी,
चिमी


१९ जानेवारी

चि. चिमीस,

तुझं पत्र पाच दिवस काट्याच्या पारड्यात पडून होतं. गिऱ्हाईक आलं की उचलायचो, गेलं की परत ठेवायचो.

मावशीला सांग की मी लिहितोय. सुरुवात कुठून करू ते कळत नाही, तेव्हा पहिल्या बँडपासूनच करतो.

खुंटी सोळाचा होता, मी अठराचा. रेल्वेच्या गोदामामागच्या मैदानात चार परदेशी लांबकेसे आले होते. लोकांचं सगळं लक्ष गाणाऱ्याकडे. तो शर्ट काढून नाचत होता, मुली ओरडत होत्या. मी गिटारवाल्याकडे बघत होतो, कारण तो वेगात वाजवत होता आणि मला वेग म्हणजेच कला वाटायची. खुंटी मला कोपरानं ढोसून म्हणाला, ‘मागं बघ. ड्रमच्या बाजूला. तो काय करतोय ते बघ.’

तिथं एक टकलू माणूस पांढरी बेस गिटार घेऊन उभा होता. हलत नव्हता, हसत नव्हता, बसची वाट बघत असल्यासारखा. चारच तारा, लांब मान. जिथं त्याचा हात घासायचा तिथला पांढरा रंग उडून खालचं लाकूड दिसत होतं, नखाच्या चंद्राएवढं. खुंटी म्हणाला, ‘तो थांबला तर बाकीचे तिघं पडतील.’ आणि खरंच, एका गाण्यात तो आठ मात्रा थांबला, तेव्हा सगळं मैदान एक पायरी चुकल्यासारखं झालं. पुन्हा आला तेव्हा माझ्या बरगड्यांत धक्का बसला. त्या दिवसापासून खुंटीनं गाणाऱ्याकडे पाहिलंच नाही.

त्याच माणसानं तारांखाली शेवटाला स्पंजाचा तुकडा खुपसला होता, आवाज आटोपशीर राहावा म्हणून. एवढ्या लांबून ते फक्त खुंटीला दिसलं. मावशीला विचार, त्या वर्षी शिवायला आलेल्या कोटांच्या खांद्यांतले स्पंज का गायब व्हायचे. आणि कपाटाचं दार कुठं गेलं तेही. त्या दारातूनच त्यानं आपली पहिली बेस कापली. सुरात कधीच लागली नाही. सारखा खुंट्या पिळत बसायचा, म्हणून तर मी त्याला खुंटी म्हणायला लागलो.

मावशीच्या पाया पडतो म्हणून सांग.

तुझा,
दादा


२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आई हसली. मोठ्यानं नाही, तेवढा श्वास तिच्यात नाही, पण खांदे हलले. म्हणाली, ‘दोन वर्षं त्या कपाटाला पडदा लावला होता. मला म्हणाला वाळवी लागली होती म्हणून दार फेकलं. आणि गिऱ्हाइकाचे कोट एका खांद्यानं पडलेले, मी आपली टाके उसवून बघतेय.’

तुझं पत्र मी तिला चार वेळा वाचून दाखवलंय. त्या टकलू माणसावर ती खूश आहे. ‘कामाचा दिसतो,’ म्हणाली. कामावर मी लोकांना काचेच्या खोलीत बसवते, कानांवर हेडफोन चढवते आणि बारीकबारीक आवाज सोडते. ऐकू आला की बटण दाबायचं. काल एका बाईंना अगदी खालच्या पट्टीतला आवाज सोडला आणि हात यंत्रावर तसाच राहिला. खुंटी हाच आवाज शोधत फिरायचा, हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

अजून लिही. आणि दादा, आईनं एक मुद्दाम विचारायला सांगितलंय. ‘त्या शेवटच्या संध्याकाळी त्याला ऐकायला मिळालं का, तेवढं विचार.’ तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते आहे.

आणखी एक. तू येणं का सोडलंस, ते आईला वाटतं तिच्यामुळे. इस्पितळाच्या व्हरांड्यात ती तुला म्हणाली होती, ‘तू कसा परत आलास?’ ती म्हणते, तेव्हा खुंटी सापडला नव्हता, म्हणून ती विचारत होती की तू कुठल्या वाटेनं बाहेर आलास. त्या वाटेवर जाऊन शोधायला. तू उत्तर न देता निघून गेलास. तू त्याचा भलता अर्थ घेतला असशील तर घेऊ नकोस, असं म्हणाली.

उत्तर लवकर धाड. ती आता उशीला टेकूनच झोपते.

तुझी,
चिमी


१० फेब्रुवारी

चि. चिमीस,

मावशीचं ते वाक्य मी अडतीस वर्षं वेगळंच ऐकत आलो. 

एक कार्यक्रम सांगतो. बंदराजवळच्या जुन्या तालीमखान्यात एक बँड आला होता. त्यांच्या बेसवाल्यानं गिटारचा पट्टा इतका लांब सोडला होता की गिटार गुडघ्यांपाशी लोंबायची. मध्येच त्याची एक तार तुटली. बेसची तार सहसा तुटत नाही, काडेपेटीच्या काडीएवढी जाड असते. त्यानं तुटलेलं टोक खांद्यामागं टाकलं आणि उरलेल्या तीन तारांवर गाणं पुरं केलं. तीनशे माणसांत ते खुंटीशिवाय कुणालाही कळलं नाही. गाणं संपून टाळ्या थांबल्या तरी खुंटी एकटाच वाजवत राहिला आणि त्या माणसानं मान वर करून, कोण ते, बघितलं. घरी आलो. जिन्यात खुंटी म्हणाला, ‘त्यानं बघितलं ना रे?’ मी हो म्हणालो.

आता मावशीनं विचारलंय त्याबद्दल. तिला सांग, मिळालं. आम्ही दोघं अगदी पुढे, कठड्याला चिकटून होतो. ज्यांची चार वर्षं वाट बघितली ते आले. बेसवाल्याची गिटार गडद लाल होती. दोन गाणी पुरी झाली. खुंटीनं दोन्ही तळवे लोखंडी कठड्यावर ठेवले होते आणि डोळे मिटले होते. मग मागून लोंढा आला. सगळं इतकं झटकन झालं की त्याला कळलंही नसेल. माझा हात सुटला. पण त्याआधी त्यानं ऐकलं.

हे मावशीला सांग.

दादा


३० मार्च

दादा,

आई चार मार्चला गेली. सकाळी, मी चहा गाळत असताना. गाळून आत नेला तेव्हा गेली होती.

तुझं पत्र पोचल्यापासून रोज वाचायला लावायची. तार तुटली तो भाग नाही, शेवटचा. कठडा, तळवे, डोळे मिटलेले. मी वाचायचे आणि ती छताकडे बघत राहायची. सतरा दिवसांत मी ते किमान पंचवीस वेळा वाचलं असेल.  एकदाच म्हणाली, ‘चांगलं लिहितो हो पोरगा.’

परवा तिच्या शिलाई मशीनचा खण रिकामा करायला घेतला. बॉबिनांच्या डब्याखाली खाकी पाकीट होतं, इस्पितळाचा शिक्का मारलेलं. आत खुंटीचं घड्याळ, कंगवा, किल्ली आणि तिकीट. तिकीट अख्खं आहे, दादा. उजव्या बाजूला टोचे मारलेली रेघ आहे आणि तिच्यापुढचा तुकडा जागच्या जागी आहे. दारावरचा माणूस तो फाडून घेतो ना? माझ्या आयुष्यात मीही दोनचार तिकिटं काढली आहेत.

त्याच पाकिटात चौकशी अहवालाची प्रत होती. तिच्या पानांच्या कडा मऊ झाल्यात, इतक्या वेळा उलटल्यात. कार्यक्रम सुरूच झाला नव्हता. दोन गाणी सोड, बँड स्टेजवर आलासुद्धा नव्हता. अकराच्या अकरा माणसं बाहेर, उत्तर दरवाजाच्या पायऱ्यांवर मेली. आपला यादीत सातवा आहे.

म्हणजे आईला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी तुझं खोटं तिला रोज वाचून दाखवत होते आणि ती ते खोटं आहे हे ठाऊक असून ऐकत होती. तुला लाज वाटेल म्हणून गप्प बसली, की तिला तेवढंच हवं होतं, हे आता मला कुणाला विचारता यायचं नाही.

तू कुठं होतास? तुझं तिकीट कुठं होतं?

चिमी


२१ एप्रिल

चिमे,

मावशी गेल्याचं वाचलं आणि दुकान बंद करून आत बसलो. मला तिच्यासमोर यायला हवं होतं. आता हे तुझ्यासमोर लिहितो. मध्ये थांबलो तर पुरं होणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहितोय.

आम्ही दुपारी दोनपासून उत्तर दरवाजाच्या रांगेत होतो. ते सभागृह रस्त्यापासून खाली होतं. पंचवीसएक पायऱ्या उतरून गेलं की चार दारं. आम्ही बऱ्यापैकी पुढे, खालून सहाव्या पायरीवर होतो. चारच्या सुमाराला माझ्या ओळखीचा एक केबलवाला, स्टेजवरच्या वायरी जोडणारा, वरून हाक मारायला लागला. त्याची दोन माणसं आली नव्हती, जड पेट्या आत न्यायच्या होत्या. म्हणाला, ‘एक जण चला माझ्याबरोबर. एकच. मागच्या दारानं आत घेतो.’

मी आधी हात वर केला.

खुंटीनं जायला हवं होतं. त्याला त्या वाद्याचं वेड होतं, मला त्याच्यामुळे लागलेलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘जा. पण मला घ्यायला ये. मागच्या दारानं.’ मी म्हणालो, ‘पंधरा मिनिटांत येतो.’ माझं तिकीट माझ्याच खिशात होतं. ते मी त्याच रात्री जाळलं.

पेट्या नेण्यात तास गेला. मग मी बाहेर जाऊ शकलो असतो. केबलवाला म्हणाला, बाहेर गेलास तर परत आत घेण्याची हमी मी देत नाही. म्हणून मी गेलो नाही. मनाशी म्हटलं, दारं उघडतीलच की आता, तो येईलच.

स्टेजवर ती लाल बेस स्टँडला टेकून ठेवली होती. वाद्यं सांभाळणारा माणूस तारा जुळवून काहीतरी खायला गेला होता. गिटार जोडलेल्या, आवाज वाढवायच्या यंत्रावरचा बारीक लाल दिवा चालू होता. सभागृह रिकामं, नुसत्या खुर्च्या. मी जवळ गेलो. मनात खुंटीच होता, हे तुला खोटं वाटेल. त्याला सांगता यावं की मी हात लावला, एवढ्यासाठी मी सगळ्यात जाड तार अंगठ्यानं एकदा छेडली.

चिमे, यंत्र पूर्ण आवाजावर होतं. आख्खं सभागृह घुमलं. पायाखालच्या फळ्या हलल्या, खुर्च्या खुळखुळल्या. आणि बंद दारांच्या पलीकडून एकदम प्रचंड आरडाओरडा झाला, कार्यक्रम सुरू होताना होतो तसा. मला हसू आलं. मला वाटलं, माझ्यासाठी ओरडतायत.

मग दारं थरथरायला लागली. ओरडणं बदललं. ते बदललं हे मला लगेच कळलं आणि तरी मी काही वेळ तिथंच उभा होतो, बोट तारेवर, आवाज दाबून धरत. मग आतले लोक दारांकडे धावले. मीही धावलो. तीन दारांना साखळ्या होत्या आणि साखळीची किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. चौथं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं, ते माणसांच्या वजनानं कोंडून जाम बसलं होतं. फटीतून एक हात आला होता. मी तो धरून ठेवला. तो खुंटीचा नव्हता. बाईचा होता, बांगडी नव्हती, नखं कुरतडलेली होती. बराच वेळ तिनं माझा हात दाबून धरला होता. मग नाही.

वरच्या लोकांना वाटलं की कार्यक्रम सुरू झाला आणि आपण बाहेर राहिलो. म्हणून त्यांनी रेटा दिला. तुझ्याकडच्या अहवालात असेल, ‘आतून वाद्याचा मोठा आवाज आल्याने’. पुढे असेल, ‘वाद्य कोणी वाजवले हे निष्पन्न झाले नाही’. केबलवाल्यानं मला मागच्या दारानं बाहेर काढलं आणि तो दुसऱ्याच आठवड्यात गाव सोडून गेला. आम्हा दोघांशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं. बायकोलाही मी कधी सांगितलं नाही. ती गेली त्यालाही सहा वर्षं झाली.

व्हरांड्यात मावशीनं विचारलं तू कसा परत आलास, तेव्हा मला वाटलं तिला सगळं कळलंय.

दादा


१४ जुलै

दादा,

उत्तराला तीन महिने लागले. तुझं पत्र कामावरच्या कपाटात ठेवलं होतं. घरात ठेववेना.

अहवाल मी तीनदा वाचला. आत मावतील त्याच्या पावणेदोन पट तिकिटं विकली होती. साखळ्या व्यवस्थापकानं लावायला सांगितल्या होत्या, फुकटे घुसू नयेत म्हणून. पायऱ्यांच्या मधोमध कठडा नव्हता. आवाज पावणेसहाला आल्याची नोंद आहे आणि वाद्यं तपासायची वेळ सहाची ठरलेलीच होती. म्हणजे तू नसतीस छेडली तर पंधरा मिनिटांनी दुसऱ्या कुणीतरी छेडलीच असती, आणि लोक तेव्हाही तसेच ओरडले असते. तो सूर मी तुझ्या माथी मारत नाही. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही, कागदांवरून मला तसं दिसतं म्हणून लिहिते.

पण तू त्याला ‘येतो’ म्हणालास आणि गेला नाहीस. त्याचं काय करायचं, ते मला कळत नाही. पेट्या पाचला संपल्या. पावणेसहापर्यंत तो सहाव्या पायरीवर वर, तू गेलास त्या बाजूला बघत उभा होता. इतरांचं लक्ष पुढच्या दारांकडे होतं, त्याचं तुझ्याकडे. रांगेतून निघून दुसरीकडे जायलाही तो मोकळा नव्हता, कारण तू तिथंच शोधायला येणार होतास. हे माझ्या डोक्यातून जात नाही. जाईल असं म्हणून तीन महिने थांबले.

माझ्याकडे येणाऱ्यांत काही जण असे असतात की आवाज सोडलेला नसतानाही बटण दाबतात. खोटं बोलायचं नसतं त्यांना. नापास व्हायचं नसतं. तुझं फेब्रुवारीतलं पत्र मी त्यात धरते. त्याचा राग आता नाही.

अहवालावर एका वकिलाचा पत्ता होता, त्यावरून मी गेलेल्यांच्या घरच्यांपर्यंत पोचले. त्या अकरा जणांची माणसं दर वर्षी त्या तारखेला, तेवीस ऑगस्टला, जमतात. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दुपारी चारला. अकरा नावं वाचतात आणि घरी जातात. आई कधी गेली नव्हती, पण तिच्या नावाची खुर्ची दर वर्षी मांडतात. फोनवर बोललेल्या बाईंनी मला सांगितलं की त्यांना एकच गोष्ट कधी कळली नाही, ती म्हणजे आतून वाजवलं कुणी. त्यावरून त्यांच्यात भांडणं झालीत. एकानं तर बँडच्या माणसांना वर्षानुवर्षं पत्रं लिहिली.

मी त्यांना काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस. आईच्या खुर्चीवर तू बस. मी येणार नाही. मला तुझा चेहरा वीस-बावीस वर्षांच्या पोराचाच आठवतो, तो तसाच राहू दे सध्या.

गेलास तर काय झालं ते कळव. नाही गेलास तर पत्र पाठवू नकोस.

चिमी


२५ ऑगस्ट

चिमे,

गेलो.

आदल्या दिवशीच येऊन स्टेशनजवळ खोली घेतली होती. सकाळी ते सभागृह शोधायला निघालो. पाडलंय. तिथं आता मोटारी उभ्या करायची बहुमजली इमारत आहे. पायऱ्या बुजवून उतार केलाय. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग रखवालदार यायला लागला म्हणून निघालो.

वरच्या मजल्यावर नऊ माणसं होती. लांब टेबल, पाण्याचा तांब्या, एक खिडकी उघडी. बहुतेक सगळी माझ्याहून वयानं मोठी. वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, ‘तुम्ही कुणाचे?’ मी खुंटीचं खरं नाव सांगितलं आणि मावसभाऊ म्हणालो. त्यांनी मला मावशीच्या खुर्चीवर बसवलं. शेजारच्या आजींनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, ‘कुणीतरी आलं अखेर त्यांच्याकडचं.’ तिथून उठून निघून जावं असं वाटलं.

नावं वाचून झाली. बाई म्हणाल्या, ‘कुणाला काही बोलायचंय का?’ त्या दर वर्षी विचारत असणार आणि दर वर्षी कुणी बोलत नसणार, कारण लोक पिशव्या उचलायला लागले होते. मी उभा राहिलो. तुला लिहिलं तेच सांगितलं, त्याच क्रमानं. हात आधी वर केला ते, गेलो नाही ते, आणि तार. दाराच्या फटीतला हातही सांगितला. नखांचंही सांगितलं.

 ओरडतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. हात थोपटणाऱ्या आजी उठल्या, रेनकोट चढवला, एकेक बटण लावलं आणि खाली गेल्या. परत आल्या नाहीत. पत्रं लिहिणाऱ्या माणसानं चष्मा लावून वही काढली आणि विचारलं, ‘वेळ किती होती?’ मी म्हणालो पावणेसहा. ‘नक्की?’ नक्की, म्हणालो, मी घड्याळ बघितलं होतं. त्यानं लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि वही मिटून तिच्यावर डोकं टेकलं. बाईंनी मला सांगितलं, ‘तुम्ही आता निघालात तर बरं.’ त्या रागानं बोलल्या नाहीत.

मी बसथांब्यावर येऊन बसलो. थोड्या वेळानं त्यांच्यातलेच एक गृहस्थ काठी टेकत आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. वय नव्वदीला आलेलं.  रस्त्याकडे बघतच म्हणाले, ‘मी त्या माणसाला रोज शिव्या देत आलोय. मला वाटायचं कुणीतरी मोठा असेल. माजलेला. तुम्ही किती वर्षांचे होता?’

‘बावीस.’

‘माझी मुलगी एकोणीसची होती.’ मग म्हणाले, ‘नखं खायची. आई ओरडायची तिला.’

 मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्यांनी विचारलं, ‘किती वेळ धरला होता तिनं?’

‘दहा मिनिटं. जास्तही असेल.’

‘तुम्ही सोडला का?’

‘नाही. तिचा सुटला.’

त्यांनी मान हलवली. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. बस आली तेव्हा त्यांनीच काठी वर करून ती थांबवली. मी उठलो, ते उठले नाहीत. मी हात पुढे केला, त्यांना चढवायला. त्यांनी त्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढं.’

मी चढलो. दुसरी बस चाळीस मिनिटांनी आहे, हे थांब्याच्या पाटीवर मी वाचलं होतं. त्यांनीही वाचलं असणार.

दादा